राखेचा बुधवार आणि राजनांदगावची गाडी

आमगाव स्टेशनातून पूर्वेकडे निघालेली गाडी सालेकसा, दरेकसा मागे टाकत डोंगराळ मुलखातून डोंगरगडला जाते आणि पुढे राजनांदगाव गाठते. मराठी ख्रिस्ती साहित्याच्या इतिहासातला एक मोठा प्रसंग याच लोहमार्गावर घडला. १८९३ च्या सुमारास कवी नारायण वामन टिळक कामाच्या शोधात नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. डब्यात एक युरोपियन गृहस्थ बसलेले. गोरा माणूस डब्यात दिसला की देशी उतारूने पाय मागे घ्यावा, असा तो काळ. या गृहस्थांनी मात्र टिळकांना आदराने जागा करून दिली. बोलणे संस्कृत काव्यावर आले, धर्मावर गेले, आणि ‘नवा करार’ची एक प्रत टिळकांच्या हाती पडली. वाचीन, असा शब्द त्यांनी दिला.

उपवासकाळावर आमगावात बोलायचे तर याच डब्यापासून सुरुवात केली पाहिजे. देवाच्या निमंत्रणाला उत्तर द्यायचे म्हणजे काय, हे त्या एका प्रवासाने जितके उलगडते तितके चाळीस दिवसांच्या पथ्यपाण्याच्या यादीने उलगडत नाही.

हा काळ राखेच्या बुधवारी सुरू होतो. आदल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी हाती घेतलेल्या झावळ्या जाळून राख करतात आणि तिचा क्रूस कपाळावर रेखतात. तिथून पुनरुत्थानाच्या रविवारापर्यंत मधले सहा रविवार वगळले की चाळीस दिवस भरतात. त्या बुधवारी कॅथलिक मंदिरांत मत्तयच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय वाचतात: दान, प्रार्थना, उपास हे सारे लोकांना दाखवण्यासाठी नको, गुपचूप करा.

हा अध्याय डोंगरावरच्या प्रवचनातला. आणि टिळक नेमके त्याच प्रवचनापाशी अडकले! पुस्तक सुरुवातीपासून नेटाने वाचत ते तिथवर आले आणि त्या वचनांनी त्यांना पुढे सोडले नाही. तरी निर्णयाला वेळ लागला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. ही दिरंगाई नव्हे. प्राचीन मंडळीत ईस्टरला बाप्तिस्मा घेणाऱ्यांची तयारी करून घेण्यातूनही उपवासकाळ आकाराला आला. त्या अर्थाने टिळकांचा उपवासकाळ दीर्घ होता, आणि वाचन हीच त्यांची तपश्चर्या होती.

त्याची किंमत घराने मोजली. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई मुलाला घेऊन माहेरच्या माणसांच्या आधाराने राहिल्या. काही वर्षे ताटातूट झाली. पुढे त्या पतीकडे आल्या, पण सोवळे-ओवळे सांभाळूनच. जातिभेद माणसानेच निर्माण केला, हे त्यांना स्वतःच्या विचाराने पटले तेव्हा त्यांनी तो टाकला, बाप्तिस्मा त्यानंतरचा. एरवी उपवासकाळात प्रश्न असतो, काय खायचे नाही? लक्ष्मीबाईंपुढचा प्रश्न त्याहून अवघड होता, कुणाच्या हातचे खायचे? पतीच्या उत्तराइतकेच, किंबहुना काकणभर अधिकच मोल या उत्तराला आहे. टिळकांना पुस्तकाने बोलावले, लक्ष्मीबाईंना पिढ्यान्‌पिढ्यांची चूल ओलांडावी लागली. टिळकांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे काव्यही पुढे त्यांनीच पुरे केले.

आमगाव हा भाताचा मुलूख. उपवासकाळ सरत येतो तेव्हा इथल्या रानात मोहफुले पडू लागलेली असतात आणि गरीब घरची माणसे उजाडण्याआधी टोपल्या घेऊन बाहेर पडतात. ज्यांच्या ताटात दोन वेळचा भात आहे, त्यांनी एक वेळचा सोडला तर तो वाचलेला भात अशा एखाद्या घरी पोहोचला पाहिजे, आणि कुणी पाठवला ते शेजाऱ्यालाही कळता कामा नये. सोबत लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ वाचावीत, ख्रिस्ती वाचकांनी आणि इतरांनीही. रोज थोडी पाने वाचली तरी चाळीस दिवसांत पुस्तक सहज पुरे होईल.