डोंगरधारेवरील थडगी



1989 साली मी ओमानमध्ये परिचारिका होते. त्या वर्षी माझे वडील अलिबागेस वारले. आपल्यात दफन लांबवीत नाहीत. तार हाती पडली तेव्हा माती देऊन झाली होती. पुढे काही आठवड्यांनी, शुक्रवारच्या सुटीत, सहकाऱ्यांबरोबर इब्री भागातील अल-ऐन येथे जाण्याचा योग आला.

मागे जबल मिश्तचा उभा कडा. मिश्त म्हणजे फणी, आणि तो दिसतोही तसाच. त्याच्यापुढच्या बुटक्या डोंगरधारेवर एका ओळीत एकवीस थडगी उभी आहेत. चुना नाही, माती नाही. चपट्या दगडांवर दगड रचून मधमाश्यांच्या पोळ्यासारखा आकार दिलेला. दार इतके लहान की वाकल्यावाचून आत पाहता येत नाही. वय सुमारे पाच हजार वर्षे! बात, अल-खुत्म आणि अल-ऐन ही तिन्ही स्थळे युनेस्कोने 1988 मध्ये जागतिक वारसा यादीत घेतली.

मला नवल वाटले ते जागेचे. लोक खाली वाडीत, पाण्याजवळ राहात असणार. मृतांना मात्र त्यांनी अशा उंचीवर ठेवले की येता-जाता नजर तेथे जावीच. पुढच्या काळात हीच माणसे सपाटीवर मोठी गोल थडगी बांधून अनेकांना एकत्र ठेवू लागली. मृतांची जागा बदलली, सोबत राहिली.

कबरीवर खडा ठेवण्याची आपली रीत. वडिलांच्या नावाने येथेच एक ठेवावा म्हणून मी खाली वाकले. बरोबरच्या ओमानी गृहस्थांनी हळूच अडवले. म्हणाले, "सिस्टर, येथला कोणता दगड कबरीचा आणि कोणता डोंगराचा, हे आपल्याला कळत नाही." ते खरेच होते. अनेक जुन्या थडग्यांचे दगड नंतरच्या लोकांनी बांधकामासाठी नेले आहेत. मी हात मागे घेतला. रिकाम्या हाताने उतरताना फार रडू आले, हे आज प्रथमच सांगते.

तेव्हा नवगाव आठवले. फुटलेल्या गलबतातील आपल्या पूर्वजांची प्रेते किनाऱ्यास लागली आणि पुरुषांना एका, स्त्रियांना दुसऱ्या ढिगाऱ्याखाली पुरले, असे आपण परंपरेने ऐकतो. त्यांतील एकाचेही नाव आपणांस ठाऊक नाही. लहानपणी वडील मला तेथे नेत, आणि मी कंटाळत असे.

रजेवर आले तेव्हा आधी वडिलांच्या कबरीवर खडा ठेवला. मग रिक्षा करून नवगावला गेले. किनाऱ्यावरून दोन खडे उचलले. एक पुरुषांना, एक स्त्रियांना.