लॅपटॉप मुलांच्या हाती देण्याआधी
(केंद्रप्रमुख व वसतिगृह अधीक्षकांच्या बैठकीतील भाषण)



आपल्या केंद्रांतले जुने लॅपटॉप आता वसतिगृहातल्या मुलांना मिळणार, ही आनंदाची गोष्ट आहे. पण त्यांच्यात आज काय काय साठले आहे, ते आठवून पाहा. जातीचे दाखले, वंशावळी, आधारकार्डांचे फोटो, वनहक्क दाव्यांचे कागद, कोणाला कसले औषध चालू आहे त्याची यादी. पाड्यावरच्या माणसांनी हे आपल्याला विश्वासाने दिले, दुसऱ्या कोणाला नव्हे.

फाइली रीसायकल बिनमध्ये टाकून ती रिकामी केली म्हणजे झाले, असे नाही. साध्या सॉफ्टवेअरनेही त्या अनेकदा परत मिळतात. म्हणून यंत्र रीसेट करायचे. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टम, रिकव्हरी आणि तिथे ‘रीसेट धिस पीसी’. पुढे ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ निवडा आणि सेटिंग बदलून ‘क्लीन डेटा’ला होय म्हणा. काही तास जातील. चार्जर लावलेलाच ठेवा. वीज जाण्याचा दिवस असेल तर हे काम उद्यावर टाका. ‘क्लाउड डाउनलोड’ला ४ जीबीहून जास्त डेटा लागू शकतो. आपल्याकडच्या रेंजमध्ये तो नाद नको, ‘लोकल रीइन्स्टॉल’ पुरते.

मला खरी काळजी आहे ती त्याआधीच्या कामाची. पावसात घर गळले, मूळ कागद गेला आणि दाव्याच्या पावतीची एकच प्रत आपल्या लॅपटॉपवर उरली, असे होऊ शकते. रीसेटनंतर ती कोण आणून देणार? तेव्हा सगळे दोन हार्ड डिस्कवर घ्या आणि दुसऱ्या संगणकावर उघडून बघा. नुसते ‘कॉपी झाले’ यावर जाऊ नका. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधली मराठी पत्रे त्या फॉन्टशिवाय अगम्य दिसतात. त्यांची आधीच पीडीएफ करा. बिटलॉकर चालू असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की वहीत लिहून घ्या.

विंडोज १० ची मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. रीसेटने आवृत्ती बदलत नाही. जे यंत्र ११ पेलेल, त्यावर आधी ती घाला, मग पुसा.

सगळे पुसून झाले की पडद्यावर देश निवडायला सांगतात. तिथेच थांबा, बटण दाबून बंद करा. पुढचे नाव ज्याचे यंत्र त्या मुलाला घालू द्या.