तबकडीवर नसलेलीं नांवें

दहा इंचांची काळी तबकडी, एका बाजूस जेमतेम तीन मिनिटांचें संगीत, आणि मध्यभागीं चिकटविलेला एक वाटोळा कागद. त्या कागदावर कंपनीचें नांव असे, चीजेचें नांव असे, वाद्यवृंदाचें नांव असे आणि एक क्रमांक असे. प्रत्यक्ष वाजविणारे कोण, हें मात्र बहुधा नसे. १९१७ सालच्या फेब्रुवारींत न्यूयॉर्क येथें जाझची पहिली तबकडी मुद्रित झाली. पुढील दहा-पंधरा वर्षांत अशा तबकड्या ढिगांनीं निघाल्या, नाचगाणें आटोपल्यावर अडगळींत पडल्या, आणि त्यांच्याबरोबर वादकांचीं नांवेंहि अडगळींत गेलीं. तीं पुन्हां उजेडांत आणण्याचें काम प्रथम कोणा विद्यापीठानें केलें नाहीं. तें केलें तबकड्या गोळा करणाऱ्या हौशी लोकांनीं, आणि तेंहि मुख्यतः एकमेकांस तबकड्या ऐकवून.

आपल्याकडील आरंभीच्या तबकड्यांची गोष्ट निराळी. १९०२ सालीं कलकत्त्यास मुद्रित झालेल्या आपल्या गाण्यांच्या शेवटीं गौहरजान स्वतःच आपलें नांव सांगते. तबकड्या छापल्या जात जर्मनींतील हानोव्हर शहरीं. तेथील कारागिरांस कोणता आवाज कोणाचा हें कळावें, म्हणून ही योजना असावी असें मानतात. जाझच्या वादकांस अशी सोय कोणीं दिली? कंपन्यांच्या लेखीं तो बाजारी माल होता. कृष्णवर्णीय गिऱ्हाइकांसाठीं त्याची यादीच वेगळी निघे. शिवाय एकच वृंद दोन-तीन नांवांनीं विकला जाई. फ्लेचर हेंडर्सनचा नामांकित वृंद 'हार्मनी'च्या स्वस्त तबकड्यांवर 'डिक्सी स्टॉम्पर्स' म्हणून वावरला. लुई आर्मस्ट्राँग 'ओके' कंपनीशीं बांधलेला असतां १९२६ सालीं त्याचेच पांच जण पत्नी लिलच्या नांवाचा बुरखा घेऊन 'व्होकॅलियन'च्या तबकडीवर वाजवून गेले. पण कॉर्नेटची फुंक लपते थोडीच!

ती ओळखणारे कान तयार झाले ते बैठकींत. पॅरिसमध्यें १९३२ सालीं 'हॉट क्लब' निघाला. लंडनला १९३३ सालीं पहिला 'रिदम क्लब' स्थापन झाला, आणि पाहतां पाहतां इंग्लंडच्या गांवोगांवीं तसे क्लब उभे राहिले. कार्यक्रम साधा असे. एका सभासदानें आपल्याकडील निवडक तबकड्या आणाव्या, ग्रामोफोनवर लावाव्या, आणि आपल्याला त्यांत काय आवडलें तें सांगावें. मग वाद सुरू होई. हा क्लॅरिनेट कोणाचा? दुसऱ्या कडव्यांतील ट्रंपेट पहिल्या कडव्यांतल्याच माणसाचें, कीं दुसऱ्याचें? पुन्हां सुई मागें ठेवावी, पुन्हां ऐकावें. प्रत्येक खेपेस पोलादी सुई खांचा थोड्या झिजवी, हेंहि सर्वांस ठाऊक असे. कान थकले म्हणजे डोळे कामास लावीत. कागद आणि शेवटची खांच यांच्या मधल्या गुळगुळीत पट्टींत एक बारीक क्रमांक कोरलेला असतो. हे क्रमांक ओळीनें जुळले, तर तीं ध्वनिमुद्रणें बहुधा एकाच बैठकींतलीं. आणि एकाच चीजेचीं दोन वेगवेगळीं वादनें हातीं आलीं, तर तो दिवस सणाचा!

अशा टिपणांतून शार्ल दलोने यानें १९३६ सालीं पॅरिसला 'हॉट डिस्कोग्राफी' हा ग्रंथ काढला. कोणत्या तबकडीवर कोण वाजवितो, केव्हां व कोठें, एवढेंच त्यांत आहे. त्यांतल्या पुष्कळ नोंदी पुढील आवृत्त्यांत सुधाराव्या लागल्या. तरी संगीताचा इतिहास असाहि लिहितां येतो, हें त्यानें दाखविलें. न्यूयॉर्कच्या बेचाळिसाव्या रस्त्यावर मिल्ट गॅब्लरचें 'कमोडोर' दुकान हा असाच एक अड्डा. गॅब्लरनें कंपन्यांकडून जुन्या साच्यांवरून नव्या प्रती काढविल्या आणि कागदावर वादकांचीं नांवें छापलीं. दुकानदार असून गिऱ्हाइकांच्या भांडणांतून त्यानें एवढें उचललें, हें विशेष.

हा नुसता षोक होता असें म्हणतां येत नाहीं, कारण माल झपाट्यानें नाहींसा होत होता. विस्कॉन्सिनमधील एका खुर्च्यांच्या कारखान्यानें चालविलेल्या 'पॅरामाउंट' कंपनीचें मुद्रण १९३२ सालीं बंद पडलें आणि धातूचे साचे मोडींत गेले. किंग ऑलिव्हरच्या वृंदानें १९२३ सालीं 'जेनेट'साठीं वाजविलेल्या 'झुलूज बॉल'ची एकच प्रत संग्राहकांच्या माहितींत आली आहे. ती फुटली असती तर तें वादनहि गेलें असतें. त्यांत महायुद्ध आलें. तबकडी तेव्हां होई लाखेची, आणि जगाची लाख मुख्यतः हिंदुस्थानच्या जंगलांतून जाई. १९४२ सालीं अमेरिकन सरकारनें तबकड्यांसाठीं लाखेचा वापर आदल्या वर्षाच्या सुमारें ३० टक्क्यांवर आणला. जुन्या तबकड्या परत घेऊन दळण्याचा सपाटा सुरू झाला. त्या ढिगांत काय काय गेलें असेल याची यादी कोणापाशींच नाहीं. तबकडी कपाटांत कुलुपबंद ठेवून कोणास न ऐकविणारे संग्राहकहि होतेच. पण त्यांच्याकडून इतिहासास कांहीं मिळालें नाहीं.

याच मंडळींनीं एक माणूसहि शोधून काढला. न्यू ऑर्लिन्सचे जुने वादक बंक जॉन्सनचें नांव घेत; त्याची एकहि तबकडी नव्हती. संशोधकांनीं लुइझियानांतील न्यू आयबेरिया गांवीं पत्र पाठविलें आणि म्हातारा सांपडला. पण तोंडांत दांत नाहींत आणि हातांत ट्रंपेट नाहीं. हौशी लोकांनीं वर्गणी काढली, सिडनी बेशेच्या दंतवैद्य भावानें कवळी बसविली, आणि १९४२ सालीं बंकचें वादन प्रथमच तबकडीवर उतरलें. त्यानें आपलें वय मात्र वाढवून सांगितलें असावें, असें पुढील अभ्यासकांचें मत आहे. ऐकणाऱ्यांना जें ऐकावयाचें होतें तें त्यानें ओळखलें होतें.

मुंबईचा धागा यांत आहे. ताजमहाल हॉटेलांत वाजविणारा अमेरिकन ट्रंपेटवादक क्रिकेट स्मिथ याच्या वृंदानें १९३६ सालीं येथें 'ताजमहाल फॉक्सट्रॉट' मुद्रित केला. नरेश फर्नांडिस यांनीं मुंबईच्या जाझचा इतिहास २०१२ सालीं लिहिला, तेव्हां ग्रंथास नांव त्या तबकडीचेंच दिलें. त्यांत गोव्याच्या हळदोण्याचे अँतोनियो झेवियर वाझ, म्हणजेच चिक चॉकलेट, आहेत. हे ट्रंपेटवादक पुढें चितळकर रामचंद्रांचे सहायक झाले. १९५१ सालच्या 'अलबेला'चीं गाणीं ज्यांनीं घरोघर वाजविलीं, त्यांनीं त्या तबकड्यांच्या कागदावर गायकांचीं नांवें वाचलीं, संगीतकाराचें वाचलें. ट्रंपेट फुंकणाऱ्यांचीं तेथें छापलेलीं नव्हतीं.