मोयामोयाचा रुग्ण आणि आपण
(त्र्यंबकेश्वर येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



दोन बोटं कानाच्या जरा पुढे, कानशिलावर ठेवून बघा. नाडी उडताना लागते ना? ही रक्तवाहिनी डोक्याच्या कातडीला रक्त पुरवते. आजच्या विषयात हिला मोठं काम आहे.

मोयामोया हा मेंदूचा दुर्मीळ आजार. मेंदूला रक्त नेणाऱ्या मुख्य वाहिन्या कवटीच्या तळाशी अरुंद होत जातात आणि आजूबाजूला बारीक, नाजूक वाहिन्यांचं जाळं फुटतं. अँजिओग्राफीत ते धुराच्या लोटासारखं दिसतं. सुझुकी आणि ताकाकू या जपानी डॉक्टरांनी 1969 साली तसं वर्णन केलं आणि त्या धुरावरूनच मोयामोया हे नाव जगभर रूढ झालं. आजार लहान मुलांत दिसतो, तसाच तिशी-चाळिशीतही. मूल भोकाड पसरतं, गरम दूध फुंकून पितं किंवा निवृत्तिनाथांच्या यात्रेतली पिपाणी वाजवतं, आणि एकाएकी हात लुळा पडतो, बोलणं अडखळतं. थोड्या वेळात सगळं पूर्ववत! घरचे म्हणतात, नाटकं करतोय. खरं कारण असं की, जोरजोरात श्वास घेतला-सोडला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, मेंदूतल्या वाहिन्या आकसतात आणि आधीच तोकडा असलेला पुरवठा आणखी तुटतो.

गोळ्यांनी अरुंद वाहिन्या रुंद होत नाहीत. म्हणून शस्त्रक्रिया. कानशिलावरची तीच वाहिनी सोडवून घेतात आणि कवटीला खिडकी करून मेंदूच्या पृष्ठभागावरच्या वाहिनीला सूक्ष्मदर्शकाखाली जोडतात. लहान मुलांत बरेचदा ती मेंदूवर नुसती टेकवून ठेवतात. पुढच्या काही महिन्यांत तिला नवे फाटे फुटतात. आजार यानं मुळातून जात नाही, पण पक्षाघाताचा धोका कमी होतो. दोन्ही बाजू बाधित असल्या तर बरेचदा दोनदा टेबलावर जावं लागतं.

निदान झालं की घरात पहिला प्रश्न येतो, आमच्याच नशिबी का? मग पत्रिका निघते आणि माणसं आपल्या गावी येतात. नारायण-नागबळीच्या विधीला तीन दिवस लागतात. श्रद्धा असेल तर जरूर करा, पण ऑपरेशनची तारीख मुहूर्तासाठी पुढे ढकलू नका. रुग्णाला निर्जळी उपास घडवू नका, उन्हात ब्रह्मगिरी चढायला लावू नका, शंख फुंकायला देऊ नका. अंगातलं पाणी कमी झालं, रक्तदाब उतरला, की मेंदूचा रक्तपुरवठा तुटतो. आणि दोष कुणाच्या माथी मारू नका. या आजाराशी संबंधित एक जनुक 2011 साली सापडलं. सुनेच्या पायगुणाचा यात काडीचा संबंध नाही.

सोबत करणाऱ्यानं काय करावं? ‘काही होत नाही, धीर धर’ म्हणणं सोपं आहे. त्यापेक्षा एक फाइल करा. रिपोर्ट तारखेवार लावा, स्कॅनची सीडी जपा. झटका आला की वेळ, बाजू आणि किती मिनिटं टिकला ते वहीत लिहा. डॉक्टरांना विचारा: अशी किती ऑपरेशनं केलीत? आमच्या रुग्णाला धोका किती? दुसरं मत घेण्यात डॉक्टरांचा अपमान नाही. रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू ठेवायची की थांबवायची, हे सर्जनच ठरवतील. काढे-चाटण चालू असेल तर तेही सांगून टाका. खर्चासाठी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत संरक्षण आहे. हे ऑपरेशन आणि हे रुग्णालय त्यात बसतं का, ते आधीच विचारून घ्या.

ऑपरेशन होऊन घरी आल्यावर कानशिलावर दाब नको. घट्ट टोपी, फेटा, चष्म्याची रुतणारी दांडी, सगळं टाळा. भेटायला जाणाऱ्यांनी दहा मिनिटांत उठावं आणि ‘आमच्या ओळखीत एकाला असंच झालं होतं’ हा किस्सा घरीच ठेवावा. रुग्णाच्या देखत त्याच्याविषयी बोलू नये, त्याच्याशी बोलावं. रात्री दवाखान्यात बसणाऱ्या बाईलाही कुणीतरी झोपायला पाठवावं.

चेहरा वाकडा झाला, हात पडला, जीभ जड झाली, तर अंगारा शोधत बसू नका. 108 ला फोन करा. थोड्या वेळात बरं वाटलं तरी दाखवायला न्याच. त्र्यंबकहून नाशिक तीसेक किलोमीटर आहे. तेवढं अंतर आपण वेळेत तोडलं पाहिजे.