काळ्या दगडाचे बेट
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आम्ही काही भूगोलाचे मास्तर नाही. साच्यावर उभे राहून उमेद गेली, आणि पाळी सुटल्यावर वाचनालयात जे हाती लागले ते वाचले. त्यातलेच एका बेटाचे आज सांगतो. मॉरिशस.

हे बेट ज्वालामुखीच्या लाव्हारसाचे. क्षेत्रफळ १,८६५ चौरस किलोमीटर, म्हणजे अशी सहा बेटे एकट्या आपल्या जळगाव जिल्ह्यात मावतील. पण माणसे बारा लाखांच्या आसपास! चौरस किलोमीटरला सहाशेहून जास्त. आपल्या जिल्ह्याचा हाच आकडा २०११ च्या जनगणनेत साडेतीनशेच्या घरात होता.

तुम्ही म्हणाल, त्याचे अन् खान्देशाचे काय नाते? नाते दगडाचे आहे. तापीकाठची आपली काळी कपाशीची जमीन, अजिंठ्याची लेणी कोरली तो खडक, धुळे-नंदुरबारकडे भिंत घातल्यासारखे लांबच लांब काळे खडक दिसतात ते, हे सारे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचे. शास्त्रज्ञ सांगतात, पृथ्वीच्या पोटातल्या ज्या तप्त जागेने आपली ही भूमी घडवली, त्याच जागेने, भारत उत्तरेला सरकून गेल्यावर, समुद्रातून मॉरिशस वर काढले. त्याला ऐंशी-नव्वद लाख वर्षे झाली. एकाच चुलीवरच्या दोन भाकरी म्हणा ना!

आता माणसांकडे येऊ. १८३५ साली तिथली गुलामगिरी उठली, पण उसाच्या मळेवाल्यांना स्वस्त हात पाहिजेच होते. १८३४ पासून कलकत्ता, मद्रास, मुंबई या बंदरांतून मजूर नेणे सुरू झाले आणि पुढे साडेचार लाखांवर माणसे गेली. मुंबईहून गेलेल्यांत रत्नागिरी, सावंतवाडीकडचे आपले मराठी लोक होते. सुरुवातीचा करार पाच वर्षांचा, पगार महिना पाच रुपये आणि शिधा. अन् एक खाडा झाला तर दोन दिवसांची मजुरी कापायची! गिरणीतल्या बंधूंना हे समजावून सांगायला नको. पोराच्या तापात आम्ही एक दिवस घरी राहिलो, तर हजेरीवाल्याने दोन खाडे मांडले होते.

जमीन दगडांनी भरलेली. ऊस लावायचा तर आधी दगड वेचा. हातांनी वेचून रचलेले ते काळे ढीग आजही उसाच्या शेतांत उभे आहेत.

पोर्ट लुईस बंदरात मजूर जिथे उतरत, त्या आप्रवासी घाटाला २००६ मध्ये जागतिक वारसा म्हणून मान मिळाला. आलेल्यांच्या नोंदवह्या मोका गावी महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवल्या आहेत. नाव, बापाचे नाव, वय, गाव आणि जात. सातासमुद्रापार गेले तरी जातीचा रकाना काही सुटला नाही, हे वाचताना आम्हाला फार टोचले. त्याच नोंदींवरून आज पणतू-खापरपणतू आपले मूळ गाव हुडकतात.

त्यांच्या घरात आता बहुधा फ्रेंचवरून झालेली क्रिओल बोली चालते. तरी मराठी शाळेत शिकवतात, कोकणातला जाखडी नाच नाचतात, गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते. सण कोणता, हा आमचा मुद्दा नाही. एवढ्या पिढ्या गेल्या, तरी पोरे मराठीची अक्षरे गिरवतात, हा आहे. आणि आपली पोरे धुळ्याच्या बाजारात अहिराणी बोलायला लाजतात!

मागच्या भिंतीवर जगाचा नकाशा लावला आहे. मॉरिशसचा ठिपका आफ्रिकेच्या उजव्या अंगाला, मादागास्करच्या पलीकडे आहे. फार बारीक आहे, म्हणून मुलांनी खीरदानानंतर रांगेने जवळ जाऊन पाहावा. जयभीम!