युद्धाचा अभाव



तर्कसंग्रह हाती घेणाऱ्या विद्यार्थ्यास अभावाचे चार भेद पाठ करावे लागतात. त्यांतील दोनच आज प्रस्तुत आहेत. घट अजून घडलेला नाही, तेव्हा मृत्तिकेत असतो तो घटाचा प्रागभाव. घट फुटून खापऱ्या उरल्या, म्हणजे झाला तो प्रध्वंसाभाव. घट नाही, एवढेच दोन्ही प्रसंगी डोळ्यांना दिसते. परंतु पहिल्या अभावाला अंत आहे, दुसऱ्याला नाही.

दुसरे महायुद्ध १९४५ साली संपले. त्यानंतर ऐंशी वर्षे लोटली, तरी बड्या सत्तांमध्ये पुन्हा महायुद्ध जुंपले नाही. कोरियात १९५० ते १९५३ पर्यंत चिनी व अमेरिकी सैन्ये समोरासमोर लढली, १९६९ साली उसुरी नदीवर रशियन व चिनी सैनिकांचे रक्त सांडले, हे अपवाद मान्य केले पाहिजेत. व्हिएतनाम आणि अफगाणिस्तान येथील लोकांना या काळाचे 'दीर्घ शांतता' हे नाव सांगून पाहावे. ते काय म्हणतील हे उघड आहे. तरीही महायुद्ध झाले नाही, हे खरे. मग हा अभाव कोणत्या जातीचा?

१८७१ नंतर युरोपातील बड्या सत्तांमध्ये त्रेचाळीस वर्षे युद्ध झाले नव्हते. राष्ट्राराष्ट्रांतील कलह न्यायाने मिटावेत, म्हणून हेग नगरीत कार्नेगीच्या देणगीतून शांतिप्रासाद उभारला गेला. त्याचे उद्घाटन १९१३ च्या ऑगस्टमध्ये झाले. पुढच्या ऑगस्टमध्ये तोफा धडाडत होत्या. लोकांनी ज्या खापऱ्या मानल्या, ती चाकावरची ओली माती होती.

अण्वस्त्रांच्या भयाने महायुद्ध कायमचे नष्ट केले, असा एक पक्ष आज मांडला जातो. त्यात तथ्य नाही असे नव्हे. पण २७ ऑक्टोबर १९६२ चा दिवस आठवावा. क्यूबाच्या पेचप्रसंगात बी-५९ ही सोव्हिएत पाणबुडी अमेरिकी युद्धनौकांनी घेरली होती. तिने वर यावे, या इशाऱ्यासाठी सरावाचे बाँब पाण्यात टाकले जात होते. आत उकाडा असह्य, हवा कोंदलेली, मॉस्कोशी संपर्क नाही. वर युद्ध पेटले आहे की काय, हेही कळेना. पाणबुडीवर एक अण्वस्त्रधारी टॉर्पेडो होता. आतील एका अधिकाऱ्याने पुढे सांगितले, की कप्तान सावित्स्की यांनी संतापाच्या भरात तो सज्ज करण्याची आज्ञा दिली होती. वासिली आर्खिपोव्ह या अधिकाऱ्याने त्यांना शांत केले आणि पाणबुडी वर आली. आदल्याच वर्षी आर्खिपोव्ह के-१९ या पाणबुडीवर होते. तिची अणुभट्टी बिघडून किरणोत्सर्गाने खलाशी दगावले होते. १९९८ साली ते वारले. जगाला ही हकीकत कळली २००२ मध्ये.

भय तेथे पुरेपूर होते. त्या भयानेच हात शस्त्राकडे नेला, आणि एका मनुष्याच्या निग्रहाने तो मागे घेतला गेला.

अग्नी आहे, इंधन आहे, पण जवळ विशिष्ट मणी ठेवला तर दाह होत नाही, असा प्रतिबंधकाचा दृष्टांत नैयायिक देतात. अग्नी विझलेला नसतो. मणी उचलला की इंधन पेटते. १९६३ साली मॉस्को व वॉशिंग्टन यांच्यात जोडलेली थेट संदेशवाहिनी हा असा एक मणी होता. १९८७ साली रेगन आणि गोर्बाचेव्ह यांनी मध्यम पल्ल्याची क्षेपणास्त्रे मोडीत काढण्याच्या करारावर सह्या केल्या, तो दुसरा. हा दुसरा मणी २०१९ च्या ऑगस्टमध्ये उचलला गेला.