फुलं लई, पण दुधी धरंना



रोहिणी नक्षत्र सरत आलं की उमरग्यातल्या हौशी बागवानांच्या बोलण्याला जोर चढतो. भाजी घेताना, दूध आणताना, गच्चीवर कपडे वाळत घालताना तेच विषय निघतात. "मोगरा पिवळा पडलाय." "जास्वंदीवर पांढरं बसलंय." "काकू, फुलं लई लागल्यात, पण दुधी एकबी धरंना." बाहेरच्याला ही नुसती कुरकूर वाटेल. मला ती मोलाची वाटते, कारण आपल्याकडं कुंडीतली बाग माणसं अशीच शिकतात, एकमेकांच्या गाऱ्हाण्यातून. तांबड्या मातीच्या मुलखातला सल्ला आपल्या काळ्या रानाला जसाच्या तसा लागू पडत नाही.

पहिलं गाऱ्हाणं पाण्याचं. रोज तांब्याभर पाणी घालूनही रोप वाळतं. अशी कुंडी जरा जवळून बघा. काळी माती वाळली की आक्रसते आणि कुंडीच्या कडेपासून बोटभर सुटते. वरून घातलेलं पाणी त्या फटीतून थेट खाली जातं आणि बुडाच्या भोकातून बाहेर येतं. वरचा थर ओला दिसतो, मुळं मात्र कोरडीच राहतात. म्हणून नुसत्या काळ्या मातीनं कुंडी भरू नये. निम्म्याला निम्मं कुजलेलं शेणखत, थोडी जाड वाळू आणि वरून सोयाबीनच्या गुळीचा थर द्यावा. सोयाबीन आपल्या भागात मोप पिकतं. खळं झालं की गुळी कुणीही पोतंभर देतं. त्या थरामुळं ऊन मातीपर्यंत पोचत नाही, ओल टिकते आणि फटही पडत नाही.

दुसरं गाऱ्हाणं मोगऱ्याचं. त्याचं कोवळं पान पिवळं पडतं आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. बऱ्याच जणी त्याला आणखी खत घालतात. पण उणीव असते ती लोहाची. जमिनीत चुनखडी, त्यात बोअरचं जड पाणी; मातीत लोह असूनही मुळांना ते उचलता येत नाही. खतांच्या दुकानात हिराकस मिळतं. लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस, थोडा लिंबाचा रस, आणि हे पाणी संध्याकाळी पानांवर फवारायचं. आठवड्यानं पुन्हा एकदा. आणि पाऊस सुरू झाला की पन्हाळीखाली पिंप ठेवा. कुंडीच्या काठावर साठलेली पांढरी खपली पावसाच्या पाण्यानं धुऊन जाते. आरओच्या मशीनमधून वाया जाणारं पाणी मात्र रोज कुंडीत ओतू नका. त्यात बोअरच्या पाण्याहूनही जास्त क्षार असतात.

पाण्याचा विषय निघाला की मन जरा जड होतं. २०१६ च्या एप्रिलात शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. त्या उन्हाळ्यात झाडाला पाणी घालायचं तरी कसं, हा प्रश्न आपल्याही घराघरात होता. तांदूळ-डाळीचं धुणवण, भाजी धुतलेलं पाणी यावर कित्येकांनी तुळस, कढीपत्ता जगवला. ती सवय पाणी भरपूर असलेल्या वर्षीही सोडू नये, असं माझं ठाम मत आहे.

आता दुधी. वेलावर आधी येतात ती नर फुलं. लांब, बारीक देठाची. मादी फूल मागून येतं आणि त्याच्या बुडाशी बोटाएवढा लवदार दुधी आधीपासूनच असतो. पांढरं फूल उमलतं ते दिवस मावळताना, आणि तेव्हा येतात ते पतंग. गावात दिव्यांच्या उजेडात, चौथ्या मजल्याच्या गच्चीवर ते पोचतीलच असं नाही. मग ते काम आपण करायचं. दिवेलागणीला नर फूल तोडून पाकळ्या काढायच्या आणि आतला परागाचा गोंडा मादी फुलाच्या मधोमध हलकेच फिरवायचा. चार-पाच दिवसांत तो इवला दुधी मान खाली घालून फुगायला लागतो. त्या दिवशी घरातलं प्रत्येक माणूस एकदा तरी गच्चीवर जाऊन येतं. हा आनंद बाजारातल्या दुधीत नाही.

झाडं माणसाला आधारही देतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर आपल्या भागातली कितीतरी गावं नव्या जागी वसली. सास्तूर त्यातलंच, तेव्हा उमरगा तालुक्यातलं, आता लोहाऱ्यातलं. जुन्या गावात भिंतीला भिंत लागून घरं होती. नव्या ठिकाणी घराभोवती मोकळी जागा आली. घरातली माणसं गमावलेल्यांनी त्या उघड्या जागेत लिंब लावले, शेवगा लावला, पारिजातक लावला. त्या झाडांची सावली आज अंगणभर आहे. बागकाम म्हणजे रिकामपणाचा उद्योग असं म्हणणाऱ्यांनी ती अंगणं बघून यावीत.

पहाटे कुंपणातून हात घालून फुलं नेणाऱ्यांबद्दलही सगळ्यांची तक्रार असते आणि ती रास्त आहे. देवासाठी फूल हवं असेल तर दार वाजवून मागावं. नाही कुणी म्हणत नाही. उलट देण्यातच तर खरी मजा आहे. येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, रानात भज्जी शिजते, आंबील निघते. त्या भज्जीत आपल्या परसातली मूठभर मेथी, कांद्याची पात, घेवड्याच्या कोवळ्या शेंगा पडल्या, तर तिची चव वर्षभर सांगितली जाते.

जास्वंदीवरचं ते पांढरं राहिलंच. तो पिठ्या ढेकूण. त्याच्या चिकट गोड पाण्यासाठी मुंग्या येतात, त्याला राखतात. म्हणून खोडावर मुंग्यांची रांग दिसली की पानं उलटी करून बघा. यावर औषध आपल्या दारात आहे. मृग लागला की लिंबोळ्या पिकून पडायला लागतील. त्या वेचा, गर धुऊन बिया सावलीत वाळवा. आतला मगज कुटून पन्नास ग्रॅम भुकटी लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी फडक्यानं गाळा, चिमूटभर साबणाचा चुरा घाला आणि ऊन उतरल्यावर फवारा. यंदा प्रत्येकानं निदान किलोभर लिंबोळ्या गोळा कराव्यात, आणि त्यातल्या निम्म्या शेजारच्या घरी द्याव्यात, ही माझी आपणा सर्वांना विनंती आहे.